पोरासाठी

नातवंडांच्या नावावर आपली हौस भागवून घेणारी माणसं तुमच्याही घरात असतीलच. ती खेळण्यातली आगगाडी नातवासाठी आणतात आणि नातवाला तिला हात लावू देत नाहीत, मोडेल म्हणून. सर्कशीत पुढच्या खुर्चीवर स्वतः बसतात आणि ‘तुला वाघाची भीती वाटेल’ असं सांगून नातवाला मागे आजीच्या मांडीवर पाठवतात. त्याला सर्दी झाली की त्याच्या वाटचं आइस्क्रीम संपवतात, आणि चमचा चाटत वर ‘पोरासाठी काय काय करावं लागतं’ असा सुस्कारा टाकतात. या जातीतला माझ्या पाहण्यातला अव्वल नमुना म्हणजे आमचे कुंभकोणमचे व्याही. मित्र असते तर टाळले असते, शेजारी असते तर घर बदललं असतं. व्याह्यांवर औषध नाही.

व्याही तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागून जी कुटुंबं तिकडे गेली आणि कावेरीकाठी रुजली, त्यांतलं एक. घरात आजही मराठी बोलतात, फक्त रागवायचं झालं की तमिळवर येतात. मी नाशिकचा, त्यामुळे पहिल्याच भेटीत आमची जुंपली. आमचा सिंहस्थ बारा वर्षांनी, तर त्यांचा महामहमही बारा वर्षांनी. गुरू दोन्हीकडे सिंहेतच लागतो. आमची गोदावरी दक्षिणगंगा, तर त्यांची कावेरीही दक्षिणगंगाच. महामहमच्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहून ते मला म्हणाले, “२०२८ ला या हं. पोराला न्हाऊ घालायचंय.” तेव्हा मुलांच्या लग्नातल्या अक्षता अजून माझ्या कोटाच्या खिशात सापडत होत्या. पोर कुठलं, कुणाचं?

यथावकाश ते झालं, आणि व्याह्यांना परवाना मिळाला.

सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर गणिती रामानुजनचं जुनं घर जपून ठेवलंय. ‘पोराच्या कानावर आकडे पडायला हवेत’ म्हणून व्याह्यांनी नातवाला तिथे नेलं. पोर ओसरीवर मुंग्यांच्या रांगेशी रमलं. व्याही मात्र रस्त्याकडच्या खिडकीशी उभे राहिले, डोळे अर्धवट मिटले, हनुवटीला दोन बोटं लावली आणि मुलाला म्हणाले, “काढ.” त्या फोटोत पोर नाही. “पोरासाठीच काढलाय,” ते म्हणाले. “मोठा झाला की बघेल.”

पुढे पोराला समुद्र दाखवायचा म्हणून पट्टुकोट्टईकडचा मनोरा झाला. सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास ऐन समुद्रकाठी हा मनोरा बांधला, तो इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्याची आठवण म्हणून. इंग्रज जिंकले युरोपात, नेपोलियन हरला युरोपात, आणि मनोरा उठला तंजावरच्या मुलखात. दुसऱ्याच्या नावाने आपली हौस करायची परंपरा तिकडे जुनी दिसते.

तर २०२२ साली क्रूझ आली. मुंबईहून फिरणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ त्या जूनमध्ये चेन्नईला आली आणि मुख्यमंत्री स्टालिन यांनी ४ तारखेला पहिली फेरी सोडली. व्याह्यांनी त्याच दिवशी मला फोन केला आणि बोटीची कुंडली वाचून दाखवली. जन्म १९९०, फ्रान्समधल्या सां-नाझेरच्या गोदीत. पाळण्यातलं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. ग्रॉस टनेज ४८ हजारांच्या वर. मग आठवड्याभराने पुन्हा फोन. बोटीवर कॅसिनो म्हणून पुद्दुचेरीने तिला किनाऱ्याला येऊच दिलं नव्हतं. “आपण दोन रात्रींचीच घेऊ,” व्याही म्हणाले. “चेन्नईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, चेन्नईला परत. पोराला राजकारण नको.” पोर तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं.

आम्ही उभयता नाशिकहून कुंभकोणमला पोचलो तेव्हा ओसरीवर सहा डाग बांधून तयार होते. दोन रात्रींसाठी! मी काही बोलायच्या आत व्याह्यांनी सरफोजीराजांची काशीयात्रा काढली. राजे १८२० साली निघाले तेव्हा लवाजमा केवढा होता, माहीत आहे का? त्यापुढे सहा डाग म्हणजे काहीच नव्हे, आणि तेही सगळे पोराचेच. म्हणून मी पोराचे डाग पाहिले. एकात दुर्बीण होती. एकात रशियन बनावटीचं जुनं होकायंत्र. एकात पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, ज्यात साडेतीन वर्षांची पाच पोरं मावली असती. आणि सर्वांत तळाशी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं पितळी कॉफी फिल्टर आणि डवरा-टंबलर.

कुंभकोणमच्या माणसाला कॉफीवरून बोलू नये हे मला कळतं. तिथली डिग्री कॉफी म्हणजे गाईचं निर्भेळ दूध, ताजं डिकॉक्शन आणि पितळेचं भांडं. यातलं एक जरी हललं तरी व्याही टंबलर बाजूला सारतात. पण पोर कॉफी पीत नव्हतं. तसं मी बोललो. व्याह्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “कॉफी नाही मिळाली तर माझं डोकं चढतं. डोकं चढलं की मी पोरावर ओरडतो. मग पोरासाठीच नाही का?”

बोटीवर बाहेरचं खाणंपिणं नेता येत नाही, लहान मुलांच्या खाण्याला तेवढी सूट असते, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. निघायच्या संध्याकाळी त्यांनी स्वतः डिकॉक्शन गाळलं. थेंब थेंब पडत होतं, आणि विहीणबाई ‘गाडी चुकेल’ म्हणून आत-बाहेर करत होत्या. मग ते खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून वर चिठ्ठी डकवली: ‘सुंठीचा काढा. बाळ.’

रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने आम्ही चेन्नईच्या एग्मोर स्टेशनला उतरलो आणि बंदरात गेलो. सामान यंत्रातून गेलं. फिल्टर तिथेच अडकलं. परत येताना न्या, म्हणून त्याला चिठ्ठी लागली. मग तपासणीच्या बाईंनी बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, बूच काढलं आणि नाकाशी धरलं. त्यांचा चेहरा एकदम पाघळला.

“कुंबकोणम काफीया?”

“बाळकाढा आहे,” व्याही तमिळमध्ये म्हणाले. “पोरासाठी.”

बाई वाकल्या आणि त्यांनी पोरालाच विचारलं, कॉफी पिणार का रे? पोराने मान जोरजोरात हलवली. “वेंडाम,” नको, असं ते म्हणालं, आणि आजोबांकडे बोट दाखवून, “ताताची.”

माणसाला आपल्याच रक्ताने असा दगा दिलेला मी प्रथमच पाहत होतो. बाई हसत होत्या, पण बाटली सोडत नव्हत्या. तेव्हा व्याह्यांनी ती परत मागून घेतली, बाजूला गेले, आणि सहा जणांना दोन दिवस पुरावं म्हणून गाळलेलं ते डिकॉक्शन, दुधाशिवाय, साखरेशिवाय, उभ्याने एका दमात पिऊन टाकलं. रिकामी बाटली बाईंच्या हातात दिली. “फेकून द्यायचं का मग?” ते मला म्हणाले. तेवढं वाक्य पोरासाठी नव्हतं.

बोटीवर चढल्यावर पहिल्यांदा कवायत असते. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ आडवी झाली, त्यानंतर नियम कडक झाले. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी प्रवाशांना जमवून, धोक्याच्या वेळी काय करायचं ते शिकवावंच लागतं. सात आखूड भोंगे आणि एक लांब. व्याह्यांनी पोराच्या वतीने इतके प्रश्न विचारले की तो तरुण अधिकारी शेवटी त्यांना ‘कॅप्टन’ म्हणू लागला. छोट्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर आहे का, हा प्रश्न रास्त होता. ते स्वतःला होतंय का, हे बघायची काही गरज नव्हती. एक हात आत गेला आणि तिथेच राहिला. दोघा खलाशांनी तो सोडवला.

पोर मात्र त्या भोंग्यांनी भारून गेलं. सात आखूड, एक लांब. जेवताना, न्हाताना, कमोडवर बसून, सात आखूड, एक लांब. समुद्र त्याला दाखवला तर त्याने नुसतं ‘पाणी’ म्हटलं. त्याला खरा शोध लागला तो लिफ्टचा. काचेसारखी चकाकणारी बटणं, दारं आपोआप उघडतात, आणि दर वेळी आत नवी माणसं! लेक-जावई खुर्च्या टाकून पडले होते, बायकोला नि विहीणबाईंना गप्पांची तंद्री लागली होती, त्यामुळे पोर माझ्याकडे आलं. मी बंगालचा उपसागर हिंडलो तो मुख्यतः लिफ्टमधून. दार उघडलं की समोर कधी निळी पट्टी दिसायची, कधी नुसता गालिचा.

आणि ज्यांनी पोरासाठी हा घाट घातला ते कुठे होते? एकदा दार उघडलं तर ते पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात तलावाकडे निघालेले. एकदा जादूच्या खेळाची पहिली रांग धरायला धावताना. एकदा मुलांच्या खोलीत, गुडघे हनुवटीला टेकतील एवढ्याशा खुर्चीत बसून, जीभ बाहेर काढून, अष्टपाद रंगवताना. तिथल्या मुलीने नम्रपणे विचारलं, “सर, तुमचं मूल?”

“लिफ्टमध्ये आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “जांभळा रंग संपलाय.”

त्या रात्री मला जाग आली ती विहीणबाईंच्या दार वाजवण्याने. व्याही खोलीत नव्हते. “झोप कशी येणार,” त्या म्हणाल्या, “अख्खी बाटली ढोसलीय.” आम्ही दोघं वरच्या डेकवर गेलो. ते कठड्याला रेलून उभे होते, डोक्यावर मुलांच्या खोलीत केलेली पुठ्ठ्याची कॅप्टनची टोपी, डोळ्याला दुर्बीण. समोर किट्ट काळोख. मी हाक मारणार तोच विहीणबाईंनी माझा हात धरला आणि मागच्या मागे बाकावर बसवलं.

“नागपट्टिनम शोधतायत,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पूर्वी मद्रासहून नागपट्टिनममार्गे पेनांग नि सिंगापूरला ‘राजुला’ नावाची बोट जायची. १९२६ ची बांधणी. हजारो माणसं उघड्या डेकवर वळकट्या पसरून जायची. व्याह्यांचा धाकटा काका पेनांगला कारकुनीवर निघाला तेव्हा त्याला पोचवायला सगळं घर नागपट्टिनमला गेलं होतं. बोट आत समुद्रात उभी राहायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यायची. सात वर्षांचे व्याही काकाच्या वळकटीआड पडावात लपून बसले. पडाव सुटता सुटता सापडले, कानाला धरून किनाऱ्यावर उतरवले गेले. मोठा झालास की जा, असं वडील म्हणाले. मोठे झाले तर वडील गेले. बँकेची नोकरी लागली, बहिणींची लग्नं निघाली, आणि १९७३ मध्ये ‘राजुला’ची फेरी संपली. तिच्यामागून त्या वाटेवर ‘चिदंबरम’ बोट होती. एकेक करत तिच्या तिकिटाचे पैसे जमत आले, तोवर १९८५ च्या फेब्रुवारीत तिला समुद्रात आग लागली. माणसं गेली, आणि ती फेरीही बंद पडली.

“मी म्हटलं, बरं झालं तुम्ही त्यात नव्हतात,” विहीणबाई म्हणाल्या. “तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.”

तेवढ्यात व्याह्यांनी मागे वळून आम्हाला पाहिलं. टोपी काढायला विसरले. “सूर्य कुठून उगवतो ते बघून ठेवतोय,” ते घाईने म्हणाले. “सकाळी पोराला दाखवायला.”

ते पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. मी काही बोललो नाही. हे माझ्या स्वभावात बसत नाही, पण नाही बोललो. उलट थोडा वेळ दुर्बीण मागून घेतली. तिच्यातून काहीही दिसत नव्हतं. एका बाजूची काच तर चक्क तडकलेली होती. “दिसतंय ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

पहाटे त्यांनी गाढ झोपलेलं पोर खांद्यावर टाकून वर आणलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन सूर्योदयाचं धावतं वर्णन केलं. पोराने झोपेतच सात आखूड, एक लांब केलं.

यालाही आता काही वर्षं झाली. पोर शाळेत जातं, इमारतीच्या लिफ्टकडे ढुंकूनही बघत नाही. दरम्यान नागपट्टिनमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरैला प्रवासी बोट सुरू झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात सुटली, लगेच थांबली, पुढच्या ऑगस्टात दुसऱ्या बोटीने पुन्हा निघाली. चारेक तासांचं अंतर. जाफना तिथून जवळ. व्याह्यांचा फोन येणार हे मी धरूनच चाललो होतो. पासपोर्टही शोधून ठेवला होता, उगीच आयत्या वेळी धावपळ नको.

“तिकिटं काढतोय,” ते म्हणाले. “तुमचं नि माझं.”

“आणि पोर?”

“त्याला कशाला?” व्याही चिडून तमिळवर जाता जाता थांबले. “त्याला काय कळतंय बोटीतलं!”

मी होकार दिला. फक्त एक अट घातली: जाताना खिडकी माझी. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.