न्यूट्रल करा की ओ, पाव्हणं!

साताऱ्यात बॅटरी उतरली तर कुणी फारसं मनावर घेत नाही, कारण गावालाच उतार आहे. समर्थ मंदिराजवळ राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी उभी हयात गाडी उताराकडे तोंड करून लावली. सेल्फने नुसतं टकटक केलं, की न्यूट्रल करून हँडब्रेक सोडायचा, वेग आला की सेकंडला टाकून क्लच सोडायचा. इंजिन बोलतंच.

सांगलीला हे सुख नाही. कृष्णा महाबळेश्वरापासून न्यूट्रलमध्येच येते, पण इथवर पोचेपर्यंत तिचाही वेग सरलेला असतो. उताराची उणीव सांगलीत माणसं भरून काढतात.

विश्रामबागेत लग्न होतं. वरातीची सजवलेली गाडी कार्यालयाच्या फाटकातच उभी, मेव्हण्याची, नवीकोरी ऑटोमॅटिक. इंजिन बंद ठेवून त्याने तासभर गाणी वाजवली आणि बॅटरी बसली. फाटक बंद. समोरची टपरी क्षणात रिकामी झाली, डिकीला आठ हात लागले.

"न्यूट्रल करा की ओ, पाव्हणं!"

"दाजी, दांडाच हलंना!"

हलणार कसा? पीमधल्या, म्हणजे पार्कमधल्या, दांड्याला विजेवरचा खटका असतो. ब्रेक दाबला की वीज तो सोडवते. वीजच नाही, तर ब्रेकवर उभं राहून नाचलं तरी तो ढिम्म. शेवटी समोरच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रथमच बाहेर आलं. दांड्याशेजारी नखाएवढं झाकण निघालं. आतल्या भोकात आत्याबाईंच्या अंबाड्यातला आकडा घातला, तो वाकला. मग मांडववाल्याचा चपटा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरला आणि दांडा सुतासारखा सरळ एनवर आला. (काही नव्या गाड्यांत दांड्याऐवजी नुसतं बटण असतं. तिथे बहुधा भोकही नसतं. बाहेरून बॅटरी जोडा, नाहीतर टोइंगवाल्याला बोलवा.)

गाडी हलताच आरोळी उठली, "सेकंडला टाका!" ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही, हे आठ जणांना पटवताना गाडी कार्यालयाला वळसा घालून मुदपाकखान्यापाशी पोचली. तिथे आचाऱ्याच्या टेम्पोला जंपर वायर लावून ती सुरू झाली.

सासरे मात्र खूश. "जावईबापू, हे भोक साताऱ्यात झकास चालंल."

"चालेल मामा, पण आधी हँडब्रेक ओढा. पीचा अडसर एकदा निघाला, की गाडी न्यूट्रल झाल्याची बातमी तुम्हाला पोवई नाक्यावरनं फोनने कळेल."