खिशातला कोलेस्टेरॉल

एलडीएलकाका डोंबिवलीत राहतात, कोथरूडला राहतात, नाशिकच्या गंगापूर रोडवरही राहतात. वय साठीच्या पुढे, पायात स्पोर्ट शूज, आणि शर्टाच्या ज्या खिशात पूर्वी लोकलचा पास असायचा, तिथे आता लिपिड प्रोफाइलची चौपदरी घडी. बागेतल्या बाकावर कुणी ‘काय, कसं काय?’ म्हटलं, की उत्तर येतं, ‘एकशे अडतीस.’

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपर्यंतच सॅच्युरेटेड फॅटमधून यावेत. अमेरिकन हार्ट असोसिएशन ६ टक्क्यांच्या आत राहायला सांगते. पहिल्या आकड्यावर काकांना झोप लागते, दुसऱ्यावर उडते. रोजचे २००० उष्मांक धरले तर पहिला हिशेब २२ ग्रॅमचा, दुसरा जेमतेम १३ चा. चहाचा चमचाभर साजूक तूप म्हणजे त्यातले साधारण तीन ग्रॅम. वरणभात समोर वाफाळत असताना काका हा भागाकार तोंडी करतात.

‘अहो, जेवा आता. गार होतंय,’ काकू म्हणतात. गार झाल्यावर तूप थिजतं आणि काकांना ते आपल्या धमन्यांतच थिजल्यासारखं वाटतं. वास्तविक भानगड यकृतात होते. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत ओढून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, यकृताच्या पेशींवर असतात. या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे ग्राहक मंदावतात आणि एलडीएल रक्तातच रेंगाळतं. काकांना हे सगळं पाठ आहे. नोबेलच्या सालासकट.

पाठ नसते ती खारी. चार वाजता चहाबरोबर तीन तरी लागतात. ‘कोरडी असते हो, काय असणार तिच्यात?’ खारीला ते नाजूक पदर सुटतात मैद्याच्या थरांत घट्ट बेकरी तूप लाटल्यामुळेच. फरसाण आणि पाकिटातली बिस्किटं पुष्कळदा पामतेलातली, आणि पामतेल जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेड. पण काकांचा सगळा पहारा दिसणाऱ्या चमच्यावर. न दिसणारं तूप त्यांच्या समोरून, त्यांच्याच बशीतून आत जातं.

मधल्या काळात जगानेही त्यांना कमी छळलं नाही. १९६१ साली ‘टाइम’ मासिकाने मुखपृष्ठावर अँसेल कीज यांना बसवलं. प्राणिज मेदावर बोट ठेवणारा हा शास्त्रज्ञ स्वतः शंभर वर्षं जगला. १९८४ मध्ये त्याच मासिकावर दोन अंडी आणि बेकनच्या पट्टीचा रडका चेहरा झळकला. २०१४ ला लोण्याची वळी आली आणि मजकूर काय, तर लोणी खा! त्या आठवड्यात काकांनी थालीपिठावर लोण्याचा गोळा घेतला. पुढच्याच रिपोर्टमध्ये आकडा वर गेला आणि लोणी कायमचं बंद झालं, ‘टाइम’वरचा विश्वासही.

खरं तर वैद्यकीय प्रयोगांच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात उत्तर बऱ्यापैकी सरळ होतं. निदान दोन वर्षं चाललेल्या प्रयोगांमध्ये सॅच्युरेटेड फॅट कमी करणाऱ्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांचे झटके सुमारे १७ टक्क्यांनी कमी आले. मात्र वगळलेल्या तुपाच्या जागी ताटात काय आलं, यावर पुष्कळ अवलंबून. सूर्यफुलासारखी तेलं, अक्रोड आले तर लाभ. मैदा आणि साखर आली तर हाती फारसं काही लागत नाही. काकांनी वाचवलेल्या तुपाच्या जागी दोन मारी बिस्किटं ठेवली आहेत. चहात बुडवून.

नारळाला तर त्यांनी केव्हाच अभय दिलंय. ‘झाडावरचं फळ, कोलेस्टेरॉल शून्य!’ हे अक्षरशः खरं आहे. फक्त १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सॅच्युरेटेड फॅट सुमारे ३० ग्रॅम असतं, आणि यकृताला फळ कोणत्या झाडाचं याच्याशी देणंघेणं नसतं.

गणेश चतुर्थीला काकू उकडीचे मोदक वाढतात आणि तुपाची वाटी उचलतात. काका चपळाईने मोदकावर हात आडवा धरतात.

‘तूप अजिबात नको,’ ते म्हणतात. ‘मोदक वाढ आणखी दोन. सारण जरा जास्त असलेले बघ.’