नुक्तेसाहेबांचा नाश्ता

डोंबिवलीत, कोथरूडला किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवर निवृत्तीच्या आगेमागे असलेले एक गृहस्थ हमखास आढळतात. पेन्शनचे कागद हातावेगळे झाले की ते उर्दू शिकायला लागतात. खरं आडनाव कुलकर्णी, पाटील, काहीही असो. आपण त्यांना नुक्तेसाहेब म्हणू. कारण क, ख, ग, ज आणि फ या पाच अक्षरांखाली टिंब पडलं की नाही, याची त्यांच्याइतकी काळजी दुसरं कोणी वाहत नाही. 'गजल' म्हणणाऱ्याला ते तिथल्या तिथे अडवतात आणि घशाच्या तळातून 'ग़ज़ल' काढून दाखवतात. समोरचा घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे करतो.

दुखणं जुनं आहे. १९८८ साली दूरदर्शनवर गुलजारांची 'मिर्झा गालिब' मालिका लागली, तेव्हापासूनचं. पुढे कॅसेटी आल्या, मैफली झाल्या, आणि साहेबांचा शब्दसंग्रह वाढत गेला. फक्त तो सगळा संध्याकाळी सातनंतरचा होता. साक़ी, पैमाना, सुराही, जाम, मैख़ाना हे शब्द तोंडपाठ. त्यातला एक थेंब कधी चाखलेला नाही. अंडं मात्र रोज खातात, पण त्यातल्या पिवळ्या बलकाला उर्दूत काय म्हणतात ते ठाऊक नाही. (ज़र्दी म्हणतात. नुक्त्यासकट.)

म्हणून वर्गातला तिसरा धडा, 'नाश्ता', त्यांना जड गेला. धडा तसा साधा. आपने नाश्ता किया? अंडा उबला हुआ लेंगे या तला हुआ? चाय में चीनी कितनी? ज़रा नमक दीजिए. पण तीस वर्षं विरहात काढलेल्या माणसाला 'ज़रा नमक दीजिए' हे वाक्य म्हणायला संकोच वाटतो. त्यात लिंगांचा घोळ. मराठीत चहा थंड होतो, उर्दूत चाय थंड होते. मराठी दही 'ते' असतं, उर्दू दही 'तो'. मैफिलीत ज्यांनी कधी दाद चुकवली नाही, ते टेबलाशी बसून 'चाय ठंडा हो गया' म्हणतात आणि स्वतःच जीभ चावतात.

सराव घरीच.

"बेगम, नाश्ता तैयार है?"

"तुम्ही अंघोळीला जायचा अवकाश. आणि बेगम कोणाला म्हणताय हो? पोहे झाकून ठेवलेत."

खरी गंमत अदबीच्या क्रियापदांत आहे. उर्दूत समोरचा 'तशरीफ़ लातो', आपण नुसतं 'हाज़िर होतो'. समोरच्याने 'नोश फ़रमावं', आपण मुकाट्याने खावं. त्याचं घर दौलतख़ाना, आपलं ग़रीबख़ाना, मग आपला चार खोल्यांचा फ्लॅट असो आणि त्याची एक खोली. नुक्तेसाहेबांना शब्द आवडतात, दिशा लक्षात राहत नाही. सोसायटीतल्या खानसाहेबांना त्यांनी फाटकात गाठून सांगितलं, "इतवार को हमारे दौलतख़ाने पर हाज़िर हो जाइए, हम नाश्ता नोश फ़रमाएँगे." म्हणजे आमच्या महालात हजर व्हा, आम्ही भोजन करू, तुम्ही बघा. खानसाहेब सभ्य गृहस्थ. आले, आणि दोन डिश उपमा खाऊन गेले.

परतीच्या आमंत्रणाला साहेब खिमा-पराठ्यात रंगले होते, तोच यजमानांनी मुलाला सांगितलं, "दस्तरख़ान बढ़ाओ." साहेबांनी बाह्या सरसावल्या, म्हटलं, आता आणखी काही येतंय. मुलाने भांडी उचलली, कापड घडी केलं आणि आत नेलं. ज्या भाषेत नारळ फोडत नाहीत, 'वाढवतात', त्या भाषेच्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं.

हैदराबादची सहल हा या जातीच्या माणसाच्या आयुष्यातला मोठा धक्का. लखनौच्या थाटाची चार वाक्यं पाठ करून ते चारमिनारजवळच्या इराणी हॉटेलात शिरतात. वेटर फडकं मारत विचारतो, "क्या होना?" साहेब क्षणभर अंतर्मुख होतात, या प्रश्नावर गालिबनेही विचार केला होता. वेटरला फक्त चहा हवा की खिचडी-खिमा, एवढंच विचारायचं असतं. दख्खनीत 'होना' म्हणजे पाहिजे. साहेब तपशीलवार सांगतात की जुमेरातला आपण गोश्त घेत नाही, श्रावणही चालू आहे. मग मस्का बन आणि उस्मानिया बिस्किटं येतात. थोड्या वेळाने पुन्हा प्रश्न: "और एक चाय? नक्को?" साहेबांच्या तोंडून नकळत निघतं, "नको." एवढं एकच वाक्य त्या सकाळी पहिल्या फटक्यात पोचतं.

गावी परतल्यावर ते सांगतात की हैदराबादेत उर्दू पार बिघडली आहे. इथे मात्र साहेबांचं मानता येणार नाही. ती बिघडलेली नाही, दख्खनची आहे. चौदाव्या शतकात तुघलकाबरोबर दिल्लीची बोली देवगिरीला उतरली. इथे राहून तिने आपला 'नको' घेतला, 'ऐसाइच'मधला 'च' घेतला. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या कवींना उर्दू गझलेची गोडी लागली, ती औरंगाबादच्या वलीमुळे. साहेब ज्या दिल्ली-लखनौकडे तोंड करून बसलेले असतात, तिथे हा माल मराठवाड्याच्या बाजूने गेलेला आहे.

तरी साहेबांची सर्वांत मोठी निराशा म्हणजे त्यांचे मास्तर. शेरवानी नाही, पानदान नाही. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे रायगडातले कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोली, बाजारात मराठी, फळ्यापुढे उर्दू. साहेब 'आदाब अर्ज़ है' म्हणत वाकतात, मास्तर म्हणतात, "बसा, पंखा वाढवू का?" निहारी-कुलच्याबद्दल विचारलं तर ते सांगतात, आमच्याकडे सकाळी घावन.

सहामाहीला मास्तरांनी निबंध दिला: 'मेरा नाश्ता'. उर्दू लिपीत, दहा ओळी. साहेबांनी निहारी, शीरमाल आणि लखनौची बालाई यांवर दीड पान लिहिलं. मास्तरांनी लाल शाईने एवढाच शेरा दिला, 'खाता ते लिहा.' साहेबांनी नव्याने लेखणी उचलली आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा नाश्ता निवडला: शिळी गुळपोळी, वर तूप.

उर्दूला 'ज़' लिहायला चार-चार अक्षरं आहेत. ळ लिहायला एकही नाही. साहेबांनी 'ळ'च्या जागी लाम, म्हणजे उर्दूचा 'ल', टाकला. ऱ्हस्व स्वर या लिपीत बहुधा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचे. वर्गातल्या एका बाईंनी 'गुल पोली' वाचून विचारलं की गुलाबाच्या पाकळ्या पिठात घालता की सारणात. दुसऱ्याने 'गिल पोली' वाचलं. गिल म्हणजे माती. साहेबांनी चिडून मध्ये 'वाव' हे अक्षर घातलं, तर ती 'गोल पोली' झाली, आणि पोळी गोलच असते यावर वर्गात एकमत झालं.

मास्तरांनी माहिती पुरवली की शाहमुखीत पंजाबी लिहिणारे अशा 'ळ'साठी लामच्या डोक्यावर 'तोय' हे अक्षर छोटं करून ठेवतात. ऐकताच साहेबांचे डोळे लकाकले. अख्ख्या निबंधात सापडेल त्या लामवर त्यांनी तोय चढवली. गुळपोळी सुधारली, पण थाळीही 'थाळी'च राहिली, उबला हुआ 'उबळा हुआ' झाला आणि तला हुआ 'तळा हुआ'. मास्तरांनी वही तपासून एक गुण कापला, परत देताना विचारलं, "यंदा संक्रांत कितीला आहे?"