पहिल्या रांगेतल्या सोफ्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. सोफासेट (तीन आसनी, मरून मखमल, पाठीवर पांढरा टॉवेल),
पहिली रांग, मधोमध,
समता मैदान, यवतमाळ.

विषय : जागेवरून हलण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, जिल्ह्यात पुन्हा एकदा कला महोत्सवाचं वारं वाहू लागलं आहे, आणि महोत्सव म्हटला की मैदानात सर्वांत आधी आपण उतरता. बांबू, पडदे, सतरंज्या आपल्यामागून येतात. कलावंत सगळ्यांत शेवटी, एसटीने. हा क्रम पत्रिकेत छापलेला नसतो, पण पत्रिकेतल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा तो काटेकोरपणे पाळला जातो. म्हणून मान्यवर, संयोजक, आयोजक, प्रायोजक अशा सगळ्यांना टाळून हा पत्रव्यवहार थेट आपल्याशी करतो आहे. ते दरवर्षी बदलतात. आपण कायम आहात.

आपल्याला इतिहास ठाऊक असेलच. १९७३ साली यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्या मांडवात आपल्या घराण्यातलं कोण होतं याची नोंद सापडत नाही, पण कुणीतरी असणारच. २०२४ च्या सुरुवातीला शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव भरवले. स्थानिक कलावंतांना व्यासपीठ मिळावं, लोप पावत चाललेल्या लोककला टिकाव्यात, असा उदात्त हेतू. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. हेतू नेहमीच चांगले असतात, घोळ वेळापत्रकात असतो.

कोणत्याही महोत्सवाची पत्रिका उघडा. सायंकाळी ५ वाजता ‘स्थानिक कलावंतांचे सादरीकरण’. ७ वाजता ‘मान्यवरांच्या शुभहस्ते उद्घाटन’. ९ वाजता मुंबईहून आलेले, टीव्हीवर दिसणारे. म्हणजे महोत्सवाचं उद्घाटन होण्याआधीच स्थानिक कलावंतांचं आटोपलेलं असतं. ज्याचं उद्घाटनच झालेलं नाही त्यात ते नाचून-गाऊन घरी जातात! आणि ५ ते ७ या वेळात पहिल्या रांगेत बसून हे सगळं पाहतं कोण? आपण. एकटे. यवतमाळ जिल्ह्यातल्या लोककलांचा सगळ्यांत मोठा जाणकार आज कोणी असेल, तर तो आपणच आहात, आणि आपण काही बोलत नाही.

आठवतं का, अशाच एका महोत्सवात पांढरकवड्याच्या पलीकडून, झरी-जामणीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, दंडारीचं पथक आलं होतं? दिवाळीच्या दिवसांत हे लोक एका पोडावरून दुसऱ्या पोडावर नाचत जातात, रात्र-रात्र. मोरपिसांचा हा एवढा टोप, अंगाला राख, पायात चाळ. पोडावर नाच गोलात चालतो. ढोल मध्ये, नाचणारे भोवती, आणि त्यांच्याभोवती सगळं पोड, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत. गोलाला पहिली रांग नसते. कुठेही उभं राहा, तुमच्यासमोर कुणाचा तरी चेहरा असतोच.

इथे काय झालं? निवेदक म्हणाले, “कलाकारांनी कृपया प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहावं.” प्रेक्षक म्हणजे आपण. गोल मोडून रांग झाली. माइक एकच, मधोमध, उभ्या दांड्यावर, कुणाच्याही पायापर्यंत न पोहोचणारा. त्यामुळे चाळांचा आवाज मैदानात कुणालाच ऐकू आला नाही. आपल्याला आला असेल. बारा मिनिटं दिली होती, आठव्या मिनिटाला निवेदकाने घड्याळाकडे बोट केलं. ढोलवाल्या म्हाताऱ्याला वाटलं, वेळ विचारताहेत. त्याने खांदे उडवले आणि वाजवत राहिला. मागे सतरंजीवर कुणीतरी म्हणालं, “काहून थांबवता राजेहो, आताच तर रंगात आलं!” पण तोवर मान्यवरांचा ताफा आर्णी नाक्यावर पोहोचल्याची खबर आली होती. मग ढोल थांबला. पथकाला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर पोडाचं नाव भलतंच, तालुकाही शेजारचा.

आपण म्हणाल, प्रमाणपत्रावरच्या एका नावाचं एवढं काय? तर ऐका. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं. आधी त्याच्या तीन श्रेणी होत्या : राष्ट्रीय पातळीचा कलावंत ३,१५० रुपये, राज्य पातळीचा २,७००, स्थानिक २,२५०. राष्ट्र आणि गाव यांच्यातलं अंतर शासनाने मोजून काढलं होतं, ते ९०० रुपये भरलं. २०२४ मध्ये हा भेद मोडून सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये केले, हे मनापासून चांगलं झालं. पण अर्ज करायचा तर आयुष्यभर कला केल्याचे पुरावे जोडावे लागतात. पोडावर चाळीस वर्षं ढोल वाजवल्याचा पुरावा काय देणार? दिवाळी काही पावती फाडत नाही. म्हणून तो म्हातारा ५ वाजताच्या रिकाम्या मैदानात वाजवायला येतो. त्याला व्यासपीठ नको असतं, कागद हवा असतो. आणि आम्ही त्याला तो चुकीच्या नावाने देतो.

आता कार्यशाळांकडे वळू. महोत्सवात ‘सृजनशील कार्यशाळा’ असतातच, आणि त्यात वारली चित्रकला असतेच. वारली चित्रं थोर आहेत, जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण वारली लोक डहाणू-जव्हारकडचे, आमच्यापासून अख्खा महाराष्ट्र ओलांडून पलीकडे. आमच्या पोरांना मातकट कागदावर पांढऱ्या रंगात तारपा काढायला शिकवतात. तारपा कसा वाजतो, हे ना पोरांना ठाऊक, ना शिकवणाऱ्याला. आणि त्याच मंडपाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, बांबूच्या टोपल्या आणि सूप मांडून एक कोलाम बाई बसलेली असते. कामटी किती पातळ सोलायची, बूड कसं धरायचं, काठ कसा वळवायचा, हे तिच्या बोटांना येतं. तिला कुणी आत बोलावत नाही. कार्यशाळा संपली की बाया बाहेर येऊन तिच्याकडचं सूप घासाघीस करून विकत घेतात, आणि तेवढ्या पाच मिनिटांत तिच्याकडून शिकतातही, की नवं सूप शेणाने सारवून मगच वापरावं. महोत्सवातली खरी कार्यशाळा ती. प्रवेश विनामूल्य, नावनोंदणी नाही.

आपण म्हणाल, मानाच्या जागेवर मी बसतो, यात माझा काय दोष? मान तर गावातही असतो. बरोबर आहे, मानाला आमचा विरोध नाहीच. पोळ्याचं बघा. तोरणाखाली बैलांची ओळ लागते, ती मानाप्रमाणेच लागते. पाटलाचा बैल पुढे, हा ज्याच्या त्याच्या गावचा रिवाज. पण तोरण तुटण्याआधी झडत्या होतात. कुणीतरी खणखणीत आवाजाचा गडी पुढे होतो आणि यमक जुळवत सगळ्यांचा हिशेब घेतो. कापसाचा भाव, सावकाराचं व्याज, सरकारची घोषणा, पाटलाची कंजुषी, सगळं. आणि पाटील कुठे असतो? तिथेच, दोन हातांवर, स्वतःच्या बैलाची वेसण धरून. पळता येत नाही, कारण मान सोडून कसं जाणार? हसावंच लागतं. गावात पहिल्या जागेवर उभं राहायची किंमत ही होती, की पहिला टोमणाही स्वतःलाच बसेल.

महोत्सवात नेमकं तेवढंच गळालं. पहिली जागा राहिली, ऐकायची सक्ती गेली. मान्यवर येतात, शाल घेतात, श्रीफळ घेतात, दोन शब्द म्हणून वीस मिनिटं बोलतात, आणि ‘पुढील नियोजित कार्यक्रमास्तव’ निघतात. झडतीवाला असतो, पण तो पाचला म्हणून गेलेला. ज्यांना उद्देशून म्हणायची ते आले साडेसातला. मधल्या अडीच तासांत झडतीची लोककला होते, म्हणजे निरुपद्रवी होते. तिचे फोटो निघतात, तिचं जतन होतं.

या जिल्ह्याला मानाच्या जागेचा एक मोठा अनुभव आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. जानेवारी २०१९. याच शहरात ९२ वं साहित्य संमेलन, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला ९१ वर्षांच्या लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. मग इंग्रजीत लिहिणाऱ्या बाई कशाला, असा विरोध झाला, उधळून लावायच्या धमक्या आल्या, आणि संमेलन तोंडावर असताना निमंत्रण मागे घेतलं गेलं. देशभर छी-थू झाली. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. कित्येक लेखक आलेच नाहीत. मराठी एका वयोवृद्ध बाईच्या भाषणाने मोडेल एवढी किडकिडीत आहे, असं वाटलेल्या लोकांनी त्या दिवसांत मराठीचं रक्षण केलं.

आणि मग ती जागा रिकामी राहिली म्हणून उद्घाटनाला उभ्या राहिल्या वैशाली येडे. याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. अंगणवाडीचं काम, शेतीचं काम, आणि शिवाय ‘तेरवं’ या नाटकातली भूमिका. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायाच त्या नाटकात उभ्या राहतात, स्वतःबद्दल बोलतात. त्या दिवशी मांडव भरलेला होता, पहिली रांगही. मंत्री, साहित्यिक, संपादक, सगळे बसून होते, आणि एक स्थानिक कलावंत मुख्य वेळेत, मुख्य माइकवरून, त्यांच्याकडे बघून बोलली. कुणी घड्याळाकडे बोट केलं नाही.

म्हणजे होऊ शकतं. फक्त आमच्याकडे स्थानिकाला मुख्य वेळ मिळायची असेल, तर आधी दुसऱ्या कुणाचं तरी निमंत्रण रद्द व्हावं लागतं. दरवर्षी एवढा तमाशा परवडणार नाही. म्हणून सोपा मार्ग आपल्या हाती आहे, म्हणजे पायाशी आहे. आपण हला.

आपल्याला घालवून द्यायचं आमच्या मनात नाही. उलट बढती देतो. आपण यापुढे रंगमंचाच्या मागे, कलावंतांच्या खोलीत मुक्काम करावा. आज तिथे एक हलकं टेबल, एक फुटका आरसा आणि पाण्याचा जार असतो. शंभरेक किलोमीटर एसटीत उभ्याने आलेल्या ढोलवाल्याला टेकायला जागा नसते. पुसदकडच्या बंजारा तांड्यावरून लेंगी गीतं म्हणायला आलेल्या बाया काचकाम केलेले घागरे सावरत जमिनीवर उकिडव्या बसतात. आपल्या मखमलीचं सार्थक खरं तिथे होईल. काजूची बशीही सोबत न्यावी.

पुढे सतरंज्या अंथराव्यात, गोलात. दुर्गोत्सवात नऊ रात्री हेच शहर पायी फिरतं, देखाव्यांपुढे तासन् तास उभं राहतं, आणि सोफा कुणी मागत नाही. मान्यवरांनाही सतरंजीवर बसवावं. यात अपमान नाही, दूरदृष्टी आहे. सोफ्यावरून माणूस अलगद उठून निघून जातो. सतरंजीच्या मधोमध बसलेल्याला बाहेर पडायचं तर चाळीस गुडघे आणि तीन झोपलेली पोरं ओलांडावी लागतात. बिचारा शेवटपर्यंत थांबतो. एकदा थांबला की ऐकतो. झडती ऐकून हसला तर गावचा झाला, रागावला तर झडती चांगली होती असं समजायचं.

वेळापत्रकाचंही तसंच. मुंबईचे कलावंत ५ वाजता ठेवावेत. उन्हाची त्यांना सवय होईल, लोक जमेपर्यंत तेही माइक तपासून घेतील. ९ वाजता दंडार लावावी, आणि तिला घड्याळ लावू नये. जो थांबेल तो यवतमाळचा, बाकीच्यांनी आपापले पुढील नियोजित कार्यक्रम पाहावेत.

आपण मनावर घेतलंत तर टेम्पोवाल्याला फक्त वळण बदलायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सतरंजीवरचा एक यवतमाळकर

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :

१) मांडववाले भाऊ : टेम्पो या वेळी रंगमंचाच्या मागच्या बाजूने लावावा.

२) कार्यशाळा समिती : मंडपाबाहेर, चपलांशेजारी बसलेल्या बाईंना आत बोलावून मानधनाच्या यादीत पहिलं नाव त्यांचं घालावं. चहा विचारावा.

३) निवेदक व प्रमाणपत्र लिहिणारे : पोडाचं नाव पथकालाच विचारून घ्यावं, लिहून झाल्यावर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं, आणि तालुकासुद्धा.