चाहत्याचा वनवास

शेंद्रा एमआयडीसीत कामाला असलेल्या आमच्या एका स्नेह्यांचा जाहीर सत्कार व्हावा, असं आम्ही नम्रपणे सुचवतो. 2004 साली दहावीत असताना त्यांनी ‘द इन्क्रेडिबल्स’ हा ॲनिमेशनपट पाहिला आणि त्या पाच जणांच्या महाशक्तिमान कुटुंबाला स्वतःला वाहून घेतलं. दुसरा भाग आला 2018 मध्ये. 14 वर्षं! रामाचा वनवासही तेवढाच, पण रामाला परतीची तारीख ठाऊक होती.

दुसरा भाग पहिला जिथं संपतो तिथूनच सुरू होतो. धाकटा जॅक-जॅक तेवढाच तान्हा. मधल्या काळात स्नेह्यांचं लग्न झालं, केस विरळ झाले. नोकरी मात्र अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, होती तिथंच. कलेशी जीवन इतकं एकरूप झालेलं विरळाच.

सिनेमातली पोशाख शिवणारी एड्ना मोड वीरांच्या पाठीवर फडफडणाऱ्या केपच्या सक्त विरोधात. एका वीराची केप म्हणे विमानाच्या टर्बाइनमध्ये गेली होती. स्नेही ऐन थंडीत पहिल्या पाळीला लेथपाशी जाताना मफलर काढून डब्याच्या पिशवीत कोंबतात. सुरक्षा अधिकारी म्हणून एड्नाबाईच नेमाव्यात. चित्रातल्या असल्यानं पीएफही भरावा लागणार नाही.

पहिल्या भागातला खलनायकही मुळात नायकाचा निस्सीम चाहता. नायकानं सोबत घेतलं नाही, एवढंच निमित्त. आमचे स्नेही तसे नाहीत. परवा त्यांनी साहेबांना अदबीनं विचारलं, “कायम कधी करणार?” साहेब हसले, “अरे, आपण सगळे एक कुटुंबच आहोत.”

रात्री स्नेह्यांनी पुन्हा सिनेमा लावला. या वेळी खलनायकाच्या बाजूनं.