कुत्रं कापायलंय बघा!

लातूर जिल्ह्यात कुत्रं थरथरू लागलं की घरातलं कर्तं माणूस आधी कुत्र्याकडे बघत नाही, छताच्या पंख्याकडे बघतं. पंखा झुलत नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर, तेही गप्प असेल तर मांडणीतली भांडी. ही सगळी तपासून झाल्यावर कुत्र्याचा नंबर लागतो. या क्रमाला बाहेरच्याने हसू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली, हजारो माणसं गेली, आणि तेव्हापासून या मुलखाने जमिनीवर पुरता भरवसा टाकलेला नाही. 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीकडून आलेल्या 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकरांना गजराआधीच उठवलं. अशा ठिकाणी कुत्र्याला अर्ज न करता भूकंपमापकाची नोकरी लागते.

नोकरी अगदीच खोटी नाही. भूकंपात आधी येते ती वेगवान पण हलकी लहर, आणि मागून येते ती घरं पाडणारी. पहिली लहर माणसाच्या लक्षात येत नाही, जमिनीला पोट लावून पडलेल्या कुत्र्याला ती जाणवू शकते. पण या दोहोंतलं अंतर काही सेकंदांचं, आणि केंद्र पायाखालीच असेल तर तेवढंही नाही. आदल्या दिवशी खात्रीने सूचना देणारं कुत्रं शास्त्रज्ञांना अजून भेटलेलं नाही. धक्क्यानंतर ‘आमच्या मोत्याला कालच कळलं होतं’ असं सांगणारे मात्र गल्लोगल्ली भेटतात. मोत्या काल नेमका कशाने कापत होता, हे काल कुणी पाहिलेलं नसतं.

पाहायचंच असेल तर नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जावं. मार्गशीर्षाच्या अखेरीस, ऐन थंडीत ही यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासोबत इथे श्वानांचंही प्रदर्शन असतं. खंडोबाच्या दरबारात कुत्र्याला मुळातच मान, त्यामुळे मालकांची छाती कुत्र्यापेक्षा पुढे आलेली. मराठवाड्याचा लाडका कारवानी इथे ऐटीत येतो. कर्नाटकात याच जातीला मुधोळ म्हणतात, आणि मुधोळ या नावाने ती 2005 मध्ये टपाल तिकिटावरही जाऊन बसली. लांब पाय, आत ओढलेलं पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. आणि हा तिकिटावरचा मानकरी सकाळच्या गारठ्यात पायापासून शेपटीपर्यंत लटलटत असतो.

मग भोवती वैद्यकमंडळ जमतं.

“मामा, कुत्रं कापायलंय बघा तुमचं.”

“कापत नाही बे ते. रग आहे अंगात, रग! ससा दाखव, मग बघ.”

“ससा ऱ्हाऊ द्या, आधी पोतं टाका अंगावर.”

पोतंवाल्याचं निदान बरोबर. कारवानी पळण्यासाठी घडलेला आहे. अंगावर चरबी जवळजवळ नाही, केस आखूड. शरीर थंड पडू लागलं की स्नायू भराभर आखडून सैल होतात आणि त्यातून ऊब तयार होते. त्याला पोतं, कोरडी जागा आणि सकाळी थोडं जास्त खाणं पुरतं. मामांचंही संपूर्ण चुकलेलं नाही, कारण शिकार दिसली, मालक दिसला, भाकरीचा डबा उघडला, तरी कुत्रं आनंदाने थरथरतं. तेव्हा शेपटी उंच असते, कान पुढे असतात, आणि डबा रिकामा झाला की आजार आपोआप बरा होतो.

थरथरणं वेगळं आणि अंग झटकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात त्रास कुत्र्याला नसून शेजारी उभ्या असलेल्या इस्त्रीच्या शर्टाला असतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी उंदरापासून अस्वलापर्यंत 16 जातींच्या प्राण्यांना भिजवून वेगवान कॅमेऱ्यासमोर उभं केलं. प्राणी जितका लहान, तितकं झटकणं वेगवान: उंदीर सेकंदाला साधारण 30 वेळा, लॅब्राडॉर चार-साडेचार वेळा. पाठीचा कणा एका बाजूला 30 अंश फिरत असेल तर वरची सैल कातडी 90 अंशांपर्यंत फिरते, आणि त्या हिसक्याने काही सेकंदांत अंगावरचं सुमारे 70 टक्के पाणी उडून जातं. लठ्ठ आणि सैल कातडीच्या कुत्र्याकडे बघून हसणाऱ्यांनी ही सोय ध्यानात घ्यावी. पुढे 2024 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या मानेवर तेलाचे थेंब टाकून या झटक्यामागचे मज्जातंतूही शोधून काढले.

यातलं काहीही लातूरकराला 2016 च्या उन्हाळ्यात सांगण्यात अर्थ नव्हता. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पहिलं 5 लाख लिटर पाणी शहरात आणलं, तेव्हा बादलीभर पाण्याने न्हालेल्या कुत्र्याने अंगावरचं 70 टक्के भिंतीवर फेकणं ही उधळपट्टी होती. भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने होतं, घागरींची रांग नव्हती.

डोकंच तेवढं झटकणारं कुत्रं मात्र गंभीर घ्यावं. बाहेर पडताना कुत्र्याने कान फडफडवले तर अपशकुन, असं जुन्या माणसांचं ठाम मत. पाच मिनिटं थांबून, गूळ खाऊन मग निघायचं. त्या पाच मिनिटांत कानात डोकावलं तर अपशकुन बहुधा गोचिडाच्या रूपात सापडतो, नाहीतर आत घाण वास, पू किंवा खाज असते. सतत फडफडवून कानाच्या पाळीत रक्त साकळतं आणि पाळी फुगते. तेल, हळद, आगपेटीची काडी यांपैकी काहीही आत न घालता डॉक्टर गाठावा.

भीतीची थरथर लग्नसराईत आणि दिवाळीत येते. डीजे घरावरून गेला की कुत्रं पलंगाखाली जातं, आणि घरातलं एखादं शिस्तप्रिय माणूस म्हणतं, “कुरवाळू नका, लाडावेल.” भीती ही काही सवय नव्हे, जवळ घेतल्याने ती वाढत नाही. पलंगाखालून ओढून काढू नये. खिडक्या लावाव्यात, आतल्या खोलीत टीव्ही सुरू ठेवावा, हवं असेल तर शेजारी बसावं. बसणाऱ्याने डीजेला घातलेल्या शिव्या हळू आवाजात असाव्यात.

इथवर हसण्यासारखं. पुढचं नाही. कापूस-सोयाबीनच्या शिवारात फवारणीचं औषध चाटलेलं कुत्रं थरथरतं, तोंडातून लाळेच्या तारा येतात, उलटी-संडास होते, चाल अडखळते. इथे दूध पाजत बसण्यात वेळ जातो आणि कुत्रंही जातं. औषधाची बाटली घेऊन थेट दवाखाना. व्यालेली कुत्री पिलं पाजत असताना पहिल्या काही आठवड्यांत कापू लागली, पाय ताठरले, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. तेही तासाभराचंच प्रकरण. उपाशी, इवलंसं पिल्लू साखर उतरल्याने थरथरतं, त्याच्या हिरड्यांना थोडा मध किंवा गुळाचं पाणी चोळून लगेच निघावं. डिस्टेंपरमध्ये जबडा आणि पाय ठेका धरल्यासारखे फडकतात. त्याची लस पिल्लूपणीच मिळते. आणि लाळ गळणारं, झोकांड्या खाणारं अनोळखी कुत्रं दिसलं तर दया लांबून करावी, कारण तो रेबीज असू शकतो. माणसांच्या डब्यातली तापाची-दुखण्याची गोळी यांपैकी कुठल्याही कुत्र्याला देऊ नये, आयबुप्रोफेन तर मुळीच नाही.

जनावरांच्या सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा नंबर आहे, आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. अडचण एवढीच की घरी तासभर लटलटलेलं कुत्रं डॉक्टरांच्या टेबलावर खणखणीत उभं राहतं, आणि नुसत्या लशीसाठी आलेलं तिथे कापायला लागतं. म्हणून घरीच मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढावा. त्यात कुत्र्याचं तोंड, पाय आणि चाल दिसली पाहिजे. कधी सुरू झालं आणि काय खाल्लं होतं, एवढं तोंडी सांगावं. त्या व्हिडिओत मागून आजीने दृष्ट, काकांनी वात आणि धाकट्याने ‘मोबाइलच्या टॉवरमुळं’ अशी निदानं ऐकवलेली असतातच. डॉक्टर आवाज बंद करून बघतात.