धुळ्यात गळते, जळगावात नाही

खानदेशात गाडी तापली तर कुणी कारण विचारत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तिथे डिझेल इंजिनाने थंड राहावं ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे आमच्या भाच्याची पिकअप ऐन डिसेंबरात पाणी प्यायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांना ते तिचं नाटक वाटलं. उन्हाळ्यात केळीचे घड भरून रावेर-यावलच्या रस्त्यांवर निमूट पळालेली गाडी थंडीत कशाला तहानेल?

डिसेंबरात तिच्या हौद्यात केळी नव्हे, भरताची वांगी असतात. बामणोदकडची, हिरवी, गुबगुबीत, अंगावर पांढरट छटा असलेली. 2016 साली या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जी गोष्ट आम्हाला पिढ्यानपिढ्या ठाऊक होती तिच्यावर सरकारी शिक्का बसला. भाचा संध्याकाळी माल भरतो, एरंडोल-पारोळा करत रात्री धुळ्याला पोचतो, तिथे उघड्या मैदानात गाडी लावून केबिनमध्ये गोधडीत झोपतो आणि उजाडायच्या आत बाजाराच्या दारात उभा राहतो. घरी परतला की बॉनेट उघडतो, तर बाटलीतलं कूलंट खालच्या रेषेच्याही खाली. पुन्हा भरतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

या कूलंटची एक गंमत आहे. डब्यावर ठळक लिहिलेलं असतं की हे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांच्या गाडीतलं पाणी गोठून इंजिन तडकू नये म्हणून इथिलीन ग्लायकॉल पाण्यात घालायची पद्धत पडली. आपल्याकडे तोच डबा पाणी उकळू नये म्हणून विकला जातो, आणि दोन्ही कामं तो बिनतक्रार करतो. उरलेलं काम रेडिएटरच्या झाकणाचं. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. तेवढा बार दाब ते आत कोंडून धरतं. 0.9च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापल्या इंजिनाचं झाकण उघडणाऱ्याच्या हातावर त्या आकड्याची सही उमटते.

पहिला तपास जळगावात झाला. अजिंठा चौफुलीजवळच्या एका मिस्त्रींनी गाडी भर दुपारी उभी करून घेतली, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, हौजपाइप दाबून पाहिले, क्लिपा आवळल्या, वॉटर बॉडीखालच्या बारीक भोकात बोट फिरवलं. ते भोक कारखान्यानेच मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं आणि चहाडी करतं. बोट कोरडं निघालं. मग त्यांनी झाकणाच्या जागी गेजचा हातपंप बसवला आणि दाब भरला. काटा तासभर हलला नाही. "गाडीले काही झालेलं नाही भाऊ," त्यांनी निकाल दिला. बाटलीतलं पाणी मग कुठे जातं, यावर त्यांचं म्हणणं असं की बाटली आधीच कमी भरली जात असेल. भाचा ओशाळला, पण पटलं त्याला नाही.

दुसरा तपास धुळ्यात, पारोळा चौफुलीकडे. तिथल्या उस्तादांनी पहाटे गाडी चालू करायला लावली. धुराड्यातून पांढरा ढग निघाला आणि उस्तादांनी मान हलवली. हेड गॅस्केट. हे दोन शब्द ऐकले की पिकअपवाल्याच्या पोटात जो गोळा येतो तो इतरांना कळायचा नाही. हेड उतरवायचं, प्लेन करायचं, म्हणजे वांग्याचा अख्खा हंगाम गॅरेजला वाहायचा. वास्तविक डिसेंबरातल्या पहाटे धुळ्यात कुठलीही डिझेल गाडी पांढरं धुरकटते. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातम्यांत धुळ्याचं नाव वरच्या ओळींत असतं, पारा सहा-सातवर उतरतो आणि त्या वेळी उस्तादांच्या स्वतःच्या तोंडातूनही वाफ निघत होती. त्यांचं हेड कुणी उतरवायला काढलं नाही. भाच्याने नशिबाने तेलाची काडी ओढून पाहिली. गॅस्केट फुटून पाणी तेलात मिसळलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं. ते काळंभोर होतं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडेही नव्हते. उस्तादांनी माघार घेतली, पण पूर्ण नाही. "लीक शे, पन दिखत नही," म्हणाले.

मधल्या काळात ढाब्यावरच्या वैद्यांनीही हात धुऊन घेतले. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय ट्रकवाल्यांत जुना आहे. पाण्याबरोबर फिरत हळद भोकाशी जाऊन बसते आणि गळती बुजते, असा हिशेब. गाव येईपर्यंत तो चालतोही. पण हळदीला गळकं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते. भाच्याच्या रेडिएटरमधून नंतर जे निघालं ते पाहून त्याची आई म्हणाली, एवढ्या हळदीत एक लग्न झालं असतं.

पत्र्याचं छप्पर गळतं तेव्हा पाणी पडतं देवघरात आणि भोक असतं स्वयंपाकघरावर; गाडीचंही तसंच. कूलंटचा थेंब जिथून सुटतो तिथून खाली पडत नाही. आडव्या पट्टीवरून सरकतो, कुठल्यातरी बोल्टाशी थबकतो, पंख्याचा वारा लागून मागे उडतो. गरम लोखंडावर पडला तर तिथेच आटतो आणि एक पांढुरका-हिरवट डाग ठेवून जातो. तो डाग बघायला मिळाला असता तर काम सोपं होतं. पण फागणे ते तरसोद या चौपदरीकरणाने इतकी वर्षं घेतली की त्या रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोटावर धुळीचा गिलावा चढला. त्याखाली कुठलाही डाग सुखाने लपावा.

छडा लागला तो भाच्याच्या एका साध्या प्रश्नामुळे. गाडी दोन्ही गावांत रात्रभर उभी राहते, मग जळगावात जमीन कोरडी का? जळगावात ती पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला पाठ लावून असते आणि सकाळी अकराला उन्हं अंगावर आल्यावर निघते. धुळ्यात ती उघड्यावर गारठते आणि पहाटे चारला किल्ली फिरते. प्रश्न गावाचा नव्हताच, वेळेचा होता. मग त्याने हातपंप जळगावहून मागून नेला. धुळ्यात रात्री गाडीखाली खोक्याचे पुठ्ठे अंथरले आणि पहाटे, इंजिन चालू न करता, उस्तादांना झोपेतून उठवून दाब भरायला लावला.

यावेळी काटा हलला. घाई नाही, सावकाश, पण खाली येत राहिला. उस्ताद टॉर्च घेऊन पाठीवर सरकले. दव सगळीकडेच पडलेलं, त्यामुळे ओल्यातलं ओलं शोधायचं होतं. ते एकेक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहत होते. दव चोळलं की नाहीसं होतं, कूलंट बुळबुळीत लागतं. (काही जण जिभेवर लावून बघतात, ते गोडसर असतं म्हणून, पण ते विष आहे, आणि त्याच गोडीपायी गॅरेजमधली कुत्री मरतात.) अखेर रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या जोडापाशी एक हिरवा थेंब फुगला, लोंबला, पट्टीवरून सरकून हातभर लांब जाऊन पडला.

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, भोक पडलं की झाळून मिळत. आताची जाळी ॲल्युमिनियमची, टाकी प्लॅस्टिकची, आणि दोघींच्या मध्ये रबराचा पट्टा घालून ॲल्युमिनियमचे दात वरून दुमडलेले. तीन पदार्थ, तिघांचं आकसणं-फुगणं वेगवेगळं. रबर नवं असतं तोवर सांभाळून घेतं. जुनं होऊन निबर झालं की पहाटेच्या गारठ्यात टाकी आकसते आणि केसाएवढी फट राहते. इंजिन चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं पाणी तिथून झिरपतं, मग सगळं तापून फुगतं आणि फट आपोआप मिटते. उन्हाळ्यात हा जोड शहाण्यासारखा वागला तो याचमुळे. जळगावच्या मिस्त्रींनी आधी अर्धा तास इंजिन चालवून फट बंद केली आणि मग ती शोधली.

नवा रेडिएटर जळगावातच बसला. जुना उतरवून मिस्त्रींनी जोड उलटापालटा करून पाहिला, निबर रबर नखाने उकरलं आणि म्हणाले, "धुळ्याच्या थंडीनं खाल्लं याले. आपल्याकडे दहा वर्षं काही झालं नसतं." पुढच्या खेपेला भाच्याने हे धुळ्यात सांगितलं. उस्ताद म्हणाले, थंडीचं काही नाही. जळगावकडे बोअरचं खारं पाणी ओतता, जोडात क्षार बसतात, रबर त्यानेच जातं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण ते एकमेकांना सांगायची जबाबदारी भाच्याने घेतलेली नाही. त्याला दोन्हीकडे उधारी ठेवायची आहे.